ताप आला की दिवस मोजा

(हैदराबाद येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मंडपात रोगराईवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण भाद्रपद हा जसा बाप्पांचा महिना, तसाच तो तापाचाही महिना आहे. पाऊस थांबून-थांबून पडतो, मध्येच ऊन तापतं, जागोजागी पाणी साचतं आणि घरोघरी कुणी ना कुणी अंथरूण धरतं. आत्ता या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात गेल्या महिनाभरात एकही तापाचा रुग्ण नव्हता, असे फार थोडे असतील.

आम्ही राज्य सरकारच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत काम करतो. डीएमएलटीची पदविका घेऊन या कामाला लागलो, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. आम्ही डॉक्टर नाही. औषध लिहून देण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि तसं काही आज आम्ही सांगणारही नाही. आमचं काम सूक्ष्मदर्शकामागचं. पण जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत आमच्या खिडकीसमोर जी रांग लागते, ती पाहता पाहता काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या. त्या सांगाव्यात म्हणून मंडळाचं बोलावणं आनंदानं स्वीकारलं.

खिडकीवर आलेल्या माणसाला आम्ही "ताप किती आहे?" असं आधी विचारत नाही. आधी विचारतो, "बुखार कितने दिन से है?" समोरचा तेलुगू असेल तर तेलुगूत, मराठी असेल तर मराठीत. उत्तर बहुतेक वेळा एकच: "झाले की दोन-चार दिवस." आता दोन की चार? ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण कोणती तपासणी खरं बोलेल, कोणती फसवेल, रुग्णाला घरी पाठवता येईल की ठेवून घ्यावं लागेल, हे पुष्कळदा त्या दोन दिवसांवर ठरतं. म्हणून आजच्या बोलण्याचं सार आधीच सांगून टाकतो. ताप आला की दिवस मोजा. आपलं शरीर रोगजंतूशी लढतं ते एका ठरलेल्या क्रमानं आणि त्या क्रमाला दिवस लागतात. तो क्रम एकदा समजला की निम्मी घबराट कमी होते आणि निम्मा निष्काळजीपणाही.

पहिली फळी

जंतूला आधी दारं अडवतात. कातडी अखंड असेल तर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. नाकातला शेंबूड, लाळ, डोळ्यांतलं पाणी यांत जंतू अडकतात, काही मरतातही. जठरातलं आम्ल अन्नपाण्याबरोबर आलेले पुष्कळ जंतू संपवतं. डासाचं वेगळं आहे. तो ही सारी दारं टाळतो आणि सोंड कातडीतून थेट रक्तवाहिनीत घालतो. म्हणून इतका क्षुल्लक कीटक इतके मोठे आजार देऊ शकतो.

दार ओलांडून जंतू आत आलाच, तर काही तासांत पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. निरोगी मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे एका मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत आधी धावतात, जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. गळवातून येणारा पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशींचा चिखल. पेशी जंतूंना गिळतात हे एली मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञानं १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथं दाखवून दिलं. त्यानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केली होती. आपल्या पायात काटा मोडला की भोवती लाल होऊन सुजतं आणि ठणकतं, ते याच गर्दीमुळे. या कामासाठी त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता ताप. पुष्कळांना वाटतं ताप हाच रोग. तसं नाही. लढाई सुरू झाली की पांढऱ्या पेशी काही रासायनिक निरोप सोडतात. ते मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला पोचतात आणि तो भाग आपला काटा वर सरकवतो, जसा आपण गीझरचा काटा फिरवतो तसा. काटा वर गेला पण अंग अजून तितकं तापलेलं नाही, म्हणून आपल्याला थंडी वाजते. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. हीच हुडहुडी. वाढलेल्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींना जोर येतो. याचा अर्थ ताप अंगावर काढावा असा नाही. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांनी तर मुळीच नाही. अर्थ एवढाच की गोळीनं ताप उतरला म्हणजे आजार उतरला असं होत नाही. घंटा बंद केली म्हणून आग विझत नाही.

दुसरी फळी

पहिली फळी ओळखपाळख न पाहता लढते. दुसरी फळी ओळख पटवून लढते. ही लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची. आपल्या शरीरात त्यांचे असंख्य प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकाराला जंतूचा एखादाच विशिष्ट तुकडा ओळखता येतो. आलेल्या जंतूशी ज्यांची चावी जुळते, त्याच पेशी निवडल्या जातात. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या वाढतात. काही पेशी जंतूनं बाधलेल्या पेशींना मारतात, तर काही प्रतिपिंडं तयार करतात. प्रतिपिंडं म्हणजे जंतूला नेमकी चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं. आधी आयजीएम नावाची, नंतर आयजीजी नावाची. नव्या जंतूविरुद्ध ही फौज उभी राहायला साधारण पाच-सात दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत वेळ लागतो. आपण ज्याला "व्हायरल" म्हणतो तो ताप आठवड्याभरात आपोआप का जातो, याचं उत्तर इथं आहे. औषधानं आपल्याला आराम पडतो, विषाणूला संपवतं ते मुख्यतः शरीर.

लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, काही मात्र आठवण ठेवून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर या वेळी आठवडा लागत नाही, दोन-तीन दिवसांतच फौज तयार होते. म्हणून गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. मग सर्दी वर्षातून चारदा का होते? कारण सर्दी हा एक आजार नव्हे. ती देणारे दोनशेहून अधिक विषाणू आहेत. एकाची ओळख पटेपर्यंत दुसरा हजर होतो.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, फक्त जिवाणूंवर चालतात. विषाणूंवर त्यांचा काही उपयोग नाही. तरीही गल्लीतल्या मेडिकलमधून "मागच्या वेळची तीच स्ट्रिप द्या" म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या जातात. विषाणूजन्य ताप असेल तर त्या वाया जातात. जिवाणूजन्य असेल तर अर्धवट मार खाल्लेले जंतू निगरगट्ट होतात. आणि आमच्याकडे रक्त आलं तर त्या गोळ्यांमुळे जंतू तपासणीत सापडत नाही. तीनही बाजूंनी नुकसान.

डेंग्यू : ताप उतरतो तेव्हा सावध

डेंग्यूवर थोडं सविस्तर बोलतो, कारण आमच्या शहरात या दिवसांत सर्वांत जास्त भीती त्याची आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याचेच.

डेंग्यूचा डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. ताप आला तो पहिला दिवस, असं धरून चला. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा एनएस-१ नावाचा अंश रक्तात असतो, म्हणून या काळात एनएस-१ तपासणी उपयोगी. पाचव्या दिवसाच्या सुमारास शरीराची आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात, म्हणून त्यानंतर आयजीएमची तपासणी. कुणी दुसऱ्याच दिवशी फक्त आयजीएम करून "डेंग्यू नाही" म्हणून निर्धास्त होतो, तर कुणी आठव्या दिवशी फक्त एनएस-१ करून. दोघंही फसू शकतात. यंत्र बिघडलेलं नसतं, दिवस चुकलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचं पुढे आहे. डेंग्यूत धोक्याचा काळ येतो तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि तोही ताप उतरू लागल्यावर. ताप उतरला म्हणून घरचे देवाला हात जोडतात, रुग्ण अंघोळ करतो, कामावर जायची तयारी करतो. नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, रक्तदाब खाली येतो.

एका वर्षी याच दिवसांत नांदेडकडचा एक विद्यार्थी आमच्या दवाखान्यात आला होता. कॉलेजसाठी इथं वसतिगृहात राहणारा, विशीतला. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला. मित्र म्हणाले, आता बरा झालास, चल मंडपाच्या कामाला. केवळ पोटात फार दुखतंय आणि सकाळपासून उलट्या होताहेत म्हणून तो आला. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता. हात मात्र गार आणि ओलसर. रक्ताचा दाटपणा सांगणारा हिमॅटोक्रिट नावाचा आकडा दोन दिवसांपूर्वीच्या कागदावर ४१ होता, आमच्याकडे ५१ आला. तो कागद त्यानं जपून आणला होता, म्हणून फरक लगेच कळला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथं सलाइन सुरू केलं. मुलगा वाचला, पाच दिवसांनी चालत घरी गेला. सगळे असे वेळेवर पोचत नाहीत. "साहेब, कालच तर ताप उतरला होता" हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून आम्ही अतिदक्षता विभागाच्या दाराशी ऐकलं आहे, आणि त्याला उत्तर देता आलेलं नाही.

म्हणून ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस या खुणांवर लक्ष ठेवा: पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, जोरात श्वास, गार पडलेले हातपाय, फार सुस्ती किंवा बेचैनी, आणि सहा-सहा तास लघवी न होणं. यांतली एकही दिसली तर रात्र असो, मिरवणूक असो, दवाखाना गाठा.

आता प्लेटलेट. कागद हातात पडला की सगळ्यांची नजर तिथंच जाते. साधारण दीड लाख ते साडेचार लाख हा निरोगी आकडा. डेंग्यूत तो खाली येतो आणि बहुतेकांचा आठवड्यानंतर आपोआप वर चढतो. रक्तस्राव नसेल तर राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार १०,००० च्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. तरी ५०,००० दिसले की नातेवाईक रक्तपेढ्यांत धावतात, पपईच्या पानांचा रस काढतात, आणि या धावपळीत रुग्णाला पाणी पाजायचं राहून जातं. आमची विनंती आहे, प्लेटलेटच्या शेजारी हिमॅटोक्रिट लिहिलेला असतो, त्याविषयीही डॉक्टरांना विचारा. ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडं-थोडं सतत देत राहा. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांना किती द्यायचं हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. आणि अंग दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनानं घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात.

"आम्हाला एकदा डेंग्यू झालाय, आता भीती नाही" असं सांगणारेही भेटतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून काही महिनेच. उलट दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात पण मारू शकत नाहीत, आणि त्याला पेशींत शिरायला मदतच करतात. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. एकदा होऊन गेलेल्यांनी अधिक जपायचं.

हिवताप आणि आपलं बेगमपेठ

हिवतापाच्या इतिहासात आपल्या शहराचं नाव कायमचं लिहिलेलं आहे. मलेरियाचा जंतू रक्तात असतो हे लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरानं १८८० मध्ये दाखवलं होतं. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कळत नव्हतं. अल्मोड्यात जन्मलेले, भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉ. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासांची पोटं फाडून तपासण्याचा सपाटा लावला. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावून घेण्याबद्दल ते डासामागे एक आणा देत. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना अ‍ॅनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. पुढं कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर उरलेला प्रवास उलगडला आणि १९०२ चं नोबेल मिळवलं. बेगमपेठेत जुन्या विमानतळाजवळ ती इमारत आजही उभी आहे. २० ऑगस्ट जगभर डास दिन म्हणून पाळतात. आपल्यापैकी किती जणांनी ती वास्तू पाहिली आहे? एकदा मुलांना घेऊन जा.

मलेरियाचा जंतू शरीराच्या फौजेला हुलकावणी देतो, कारण तो तांबड्या पेशींच्या आत लपून वाढतो. व्हायवॅक्स या प्रकारात दर अठ्ठेचाळीस तासांनी या पेशी एकदम फुटतात आणि थंडी वाजून ताप भरतो. आपल्या आजी-पणजी ज्याला एकाआड एक येणारा ताप म्हणत, तो हाच. मधल्या दिवशी माणूस चांगला असतो आणि म्हणून तपासणी टाळतो. रक्त कधीही द्या, ताप चढण्याची वाट पाहू नका. आम्ही काचेवर दोन लेप करतो. जाड लेपात जंतू आहे का ते कळतं, पातळ लेपात कोणता ते कळतं. फॅल्सिपेरम असेल तर घाई करावी लागते, कारण तो मेंदूवर जाऊ शकतो.

इथंही दिवस मोजायचे आहेत. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ते गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत, आणि जी-६-पीडी नावाचं विकर कमी असणाऱ्यांना त्यापासून अपाय होतो, म्हणून ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायचं. पण तिसऱ्या दिवशी ताप गेला, पाचव्या दिवशी गोळ्या बंद, आणि दिवाळीत तोच माणूस पुन्हा आमच्या खिडकीवर, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

टायफॉइड, आणि दुसऱ्या दिवसाची विडाल

टायफॉइड डासामुळे होत नाही, तो दूषित पाण्याअन्नातून येतो. त्याच्यासाठी विडाल तपासणी सर्वांना माहीत आहे. ती १८९६ मध्ये निघाली. ती जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. आणि प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात, हे आपण मघाशी पाहिलं. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या विडालमध्ये काही दिसलं, तर ते बहुधा जुन्या लागणीची किंवा लशीची आठवण असू शकतं. तरी दुसऱ्या दिवशी विडाल, "थोडा टायफॉइड आहे" असं निदान आणि भारी प्रतिजैविक, अशी चिठ्ठी घेऊन येणारे रुग्ण आमच्याकडे येतच असतात. यांतल्या काहींना डेंग्यू निघालेला आहे. पहिल्या आठवड्यात भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, तेही प्रतिजैविक सुरू करण्याआधी. त्याला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात, पण कोणतं औषध चालेल हेही त्यातून कळतं.

बरं झाल्यावरही काही थोड्या लोकांच्या शरीरात हा जंतू राहतो आणि त्यांना स्वतःला काही होत नाही. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच होती. तिच्या हातच्या जेवणातून अनेकांना टायफॉइड झाला, म्हणून १९०७ मध्ये तिला वेगळं ठेवण्यात आलं. महाप्रसाद करणाऱ्या आमच्या मावश्यांनी आणि वाढणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुणं, ही सर्वांत स्वस्त लस आहे.

जिथं दिवस वाया घालवायचेच नाहीत

दोन आजारांचा उल्लेख थोडक्यात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे, एकही दिवस न चुकवता.

दुसरा रेबीज. कुत्रा चावला की जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि तो पोचायच्या आत शरीराची फौज उभी करायची असते. म्हणून चावल्यावर लगेच लस, आणि ठरलेल्या दिवशी पुढचे डोस. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. जखम खोल असेल तर आयती प्रतिपिंडंही टोचतात, कारण शरीराला स्वतःची तयार करायला वेळ लागतो. एकदा लक्षणं दिसली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. इथं उद्यावर ढकलायला जागा नाही.

लस : लढाईआधीची तालीम

लस म्हणजे शरीराला शत्रूचं चित्र आधी दाखवून ठेवणं. प्रत्यक्ष आजार न होता आठवण तयार होते. १८९७ हे वर्ष या दृष्टीनं लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुंबईत प्लेग थैमान घालत असताना डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारीला आपण तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आणि ऑगस्टमध्ये रॉस यांना सिकंदराबादेत तो डास सापडला.

आपल्यातल्या पन्नाशी-साठीपुढच्या मंडळींनी दंडाकडे पाहावं. देवीच्या लशीचा वण दिसेल. तरुणांच्या दंडावर तो नाही, कारण १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्णच नाही. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे. टायफॉइडची लहान मुलांनाही चालणारी, जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली लस तर हैदराबादेतच भारत बायोटेकनं तयार केली. मुलांची लसपत्रिका काढून तारखा तपासा. राहिलेला डोस सणानंतर नको, याच आठवड्यात.

मंडळानं काय करायचं

डेंग्यूचा डास गटारात होत नाही, आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो, आणि दिवसा चावतो. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, उघडा संप, टँकरच्या पाण्याचे ड्रम, गच्चीवरचे टायर ही त्याची घरं. मंडपाच्या ताडपत्रीचा झोळ, नारळाच्या करवंट्या, चहाचे कप यांतही पाणी साचतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एक वार ठरवून सगळी भांडी रिकामी केली की साखळी तुटते. मात्र नुसतं ओतू नका, आतून घासा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. हा डास दोन-चारशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच गल्लीत जन्मलेला असतो. मंडळाच्या तरुणांनी दहा दिवस सजावटीसाठी जितकी मेहनत घेतली, तिच्या एक दशांश मेहनतीत ही गल्ली डासमुक्त राहील.

शेवटी एक साधं काम. हैदराबादेत आपण पिढ्यान्पिढ्या राहिलो तरी आपल्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख आपण त्याच्या चौकोनात लिहितोच. ज्या दिवशी घरात कुणाला ताप येईल, त्या चौकोनात नाव आणि "ताप १" एवढं लिहा. पुढं रोज २, ३, ४. ताप उतरला तर तेही लिहा आणि पुढचे दोन दिवस रुग्णाला एकटं सोडू नका. झालेल्या तपासण्यांचे कागद एका पिशवीत ठेवा, त्यावर तारखा असू द्या. दवाखान्यात आलात की ते सांगा. डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होईल आणि आमचंही.

आमच्या दक्खनी बोलीनं मराठीतून "नको" घेतला आणि त्याचा "नक्को" केला, त्यामुळे तो शब्द या शहरात सगळ्यांनाच कळतो. साचलेलं पाणी नक्को, मनानं घेतलेली गोळी नक्को, अर्धवट सोडलेलं औषध नक्को. आणि ताप उतरल्याबरोबर निष्काळजीपणा तर मुळीच नक्को.

 काही शंका असतील तर आरतीनंतर आम्ही इथंच आहोत, अवश्य विचारा.

गणपती बाप्पा मोरया!